म्यानाची पारख

अमरावती शहरात पोलीस आयुक्तांच्या आणि अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरी अर्ज दाखल करून, चौकशीच्या फेऱ्या, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र आणि पोलीस ठाण्याचा अहवाल एवढे सारे सोपस्कार धीराने पार पाडल्यावर ज्याच्या हाती अखेर आत्मरक्षणार्थ लहान शस्त्राचा परवाना पडतो, तो गृहस्थ, मग तो कपाशीचा अडत्या असो, जिनिंगचा मालक असो की निवृत्त फौजी असो, शस्त्राची निवड मोठ्या चिकित्सेने करतो. आणि ते शस्त्र ज्यात वर्षानुवर्षे राहायचे ते म्यान मात्र, दुकानदाराने फडताळातून काढून पुढ्यात टाकलेल्या रेक्झिनच्या चार पाकिटांतून, भाव न करता उचलतो. वस्तुतः शस्त्र चालवण्याचा प्रसंग त्याच्या उभ्या आयुष्यात बहुधा येत नाही, आणि येऊही नये. पण म्यानात ते रोज असते, आणि त्याच्यापासून धन्याला, त्याच्या लेकराबाळांना किंवा एस.टी.त शेजारी बसलेल्या प्रवाशाला जो काही धोका संभवतो, तो बव्हंशी या म्यानाच्या गुणदोषांवर अवलंबून असतो. यास्तव या प्रकरणात शस्त्राची चर्चा बेताचीच करून, विशिष्ट शस्त्राच्या मापाने आणि विशिष्ट माणसाच्या अंगावर बेतून केलेल्या म्यानाची पारख कशी करावी, एवढाच विषय घेतला आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. अमेरिकेतील अनेक राज्यांत शस्त्र उघडे बाळगणे आणि वस्त्राआड झाकून बाळगणे या दोन भिन्न बाबी समजल्या जातात, आणि दुसरीसाठी कित्येक ठिकाणी स्वतंत्र परवाना लागत आला आहे. त्यामुळे ‘झाकलेले म्यान’ हा तिकडे आवडीनिवडीचा आणि शौकाचा मोठा विषय होऊन बसला आहे. आपल्याकडे निवडीला जागाच नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली केलेल्या २०१६ च्या नियमांनी असे ठरवून दिले आहे की, सार्वजनिक ठिकाणी लहान शस्त्र न्यायचे तर ते त्यासाठीच बनवलेल्या म्यानात अंगाशी बांधलेले, अथवा पाठपिशवीसारख्या आवरणात ठेवलेले असावे, ते पूर्णपणे झाकलेले असावे, आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर परिणामकारक ताबा असावा. म्हणजे लग्नाच्या वरातीत सदरा वर सरकवून कमरेचे पिस्तूल मिरवणारा जो इसम आपल्याकडे अधूनमधून दृष्टीस पडतो, तो केवळ असभ्य नसतो, तो नियमभंगही करीत असतो. आणि त्याने त्या आनंदाच्या भरात बार काढला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही त्याच्या वाट्याला येऊ शकतात. तेव्हा म्यान ही परवान्याच्या पालनाची एक आवश्यक वस्तू आहे, आणि ‘पूर्ण झाकणे’ व ‘पुरता ताबा’ या नियमातल्याच दोन कसोट्या तिच्या परीक्षेला पुष्कळशा पुऱ्या पडतात.

या वस्तूचा इतिहासही आपल्या प्रांताला अगदीच परका नाही. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हाऱ्याजवळच्या अडगावच्या मैदानावर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या ज्या फौजेने नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला आणि पुढे १५ डिसेंबरला गाविलगड घेतला, त्या फौजेत एकोणिसावी लाइट ड्रॅगून्स ही गोऱ्यांची घोडपलटण होती. आणि त्या काळच्या घोडेस्वाराचे पिस्तूल त्याच्या कमरेला नसून खोगिराच्या पुढच्या बाजूस लटकणाऱ्या कातडी नळकांड्यात असे. पावसापासून दारू कोरडी ठेवणे आणि घोडा भरधाव सुटला असता पिस्तूल उसळून पडू न देणे, एवढेच त्या नळकांड्याचे काम होते. फिरत्या चक्राचे रिव्हॉल्व्हर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आले तेव्हा शस्त्र खोगिरावरून माणसाच्या अंगावर आले. १८५८ साली पिलीभीतजवळच्या चकमकीत सॅम ब्राउन या घोडदळाच्या अंमलदाराचा डावा हात तुटला आणि एका हाताने तलवारीचे म्यान सावरणे अशक्य झाले, तेव्हा त्याने कमरपट्ट्याला खांद्यावरून तिरप्या पट्ट्याचा आधार देण्याची युक्ती काढली. तलवारीबरोबर पिस्तुलाचे म्यानही त्या पट्ट्यावर आले, आणि पुढे जगातील अनेक फौजांनी व आपल्या पोलीस खात्यानेही तो पट्टा उचलला.

त्या फौजी म्यानाला वरून मोठी झाकणी असे आणि ती बटणात अडकवली म्हणजे आत शस्त्र सैल असले काय नि घट्ट असले काय, फारसे बिघडत नसे. १९२० च्या दशकात अमेरिकेतील टॉम थ्रीपर्सन्स या कायद्याच्या अंमलदाराच्या नावाने जो नमुना प्रसिद्ध झाला त्यात ही झाकणी काढून टाकून कातडे आटोपशीर कापले होते. आणि पुढे न्यूयॉर्कच्या चिक गेलॉर्ड या कारागिराने कोटाखाली दिसू नये असे, शस्त्राच्या अंगालगत ओले कातडे दाबून बसवलेले म्यान लोकप्रिय केले. झाकणी गेली, आणि शस्त्र धरून ठेवण्याचे जे काम ती करीत होती ते सगळे आकाराच्या बिनचूकपणावर येऊन पडले. आधुनिक म्यानाची पारख म्हणजे मुख्यतः त्या बिनचूकपणाची पारख होय.

आता कातड्याकडे वळू. बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा वनस्पतींच्या कषायात कमावलेले कातडे आणि क्रोमियमच्या क्षारांत कमावलेले कातडे, असे दोन ठळक प्रकार बाजारात मिळतात. पहिले ताठ असते, पाण्याने भिजवले की मऊ होते, आणि भिजलेल्या स्थितीत त्याला जो आकार द्यावा तो वाळल्यावर धरून ठेवते. दुसरे लवचीक, पाण्याला दाद न देणारे, जोड्याच्या वरच्या भागाला उत्तम, पण म्यानाला कुचकामाचे, कारण ते आकार धरीत नाही आणि त्यातील क्षार दमट हवेत लोखंडाला गंज आणतात. ओळखावयाचे कसे? कापलेली कड पाहावी. आतून बाहेरून सारखाच तपकिरी रंग असेल तर कातडे बहुधा वनस्पतीत कमावलेले, आणि मधोमध निळसर-करड्या छटेची रेघ दिसली तर क्रोमचे. न रंगवलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाकला असता पहिल्या प्रकारात तो मुरून काळसर डाग पडतो, दुसऱ्यात तो बराच वेळ तसाच राहतो. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळे कारागिरांच्या हाती पुष्कळसे म्हशीचे कातडे येते. त्याचा पोत जरा भरड असतो, परंतु जाडी चांगली मिळते आणि म्यानाला भरड पोताने काही उणेपण येत नाही. साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचे कातडे मध्यम रिव्हॉल्व्हरला पुरते. याहून पातळ कातड्याचे म्यान पहिल्या उन्हाळ्यातच घामाने लोळागोळा होते. आतून मऊ मखमली कातड्याचे अस्तर लावून देणारा कारागीर गिऱ्हाइकाला खूश करतो खरा, पण ते अस्तर घाम आणि धूळ यांचे कोठार बनते. माझ्या मते ते नाकारावेच.

आपल्याकडे नागरिकाला मिळणारे शस्त्र बहुतेक .३२ मापाचे असते, कारण ९ मिलिमीटर, .३८ आणि .४५५ ही फौजी-पोलिसी मापे सामान्य परवानाधारकाला वर्ज्य आहेत. कानपूरच्या सरकारी कारखान्यात होणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्ली बांधणीचे, मधोमध बिजागरीवर मोडून उघडणारे, सहा काडतुसांचे आणि सुमारे ७०० ग्रॅम वजनाचे. २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ त्याच घराण्यातले, पण सुमारे ५०० ग्रॅमचे. दोन्ही सहा गोळ्यांचीच असली तरी एकासाठी केलेले म्यान दुसऱ्याला चालेल असे गृहीत धरणे म्हणजे थोरल्या भावाचे जोडे धाकट्याला घालण्यासारखे आहे. जुन्या वेब्ली फौजी रिव्हॉल्व्हरांना तर चक्राच्या पुढे दोन्ही अंगांस पाचरीच्या आकाराचे उंचवटे मुद्दाम ठेवीत, की शस्त्र म्यानात शिरताना चक्राची कड कातड्यात अडकू नये; इतका विचार कारखानदाराने केला असता आपण म्यान मात्र अंदाजाने शिवून घ्यावे हे शोभत नाही.

बेतून घ्यावयाचे म्हणजे माप द्यावे लागते, आणि येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. चर्मकाराच्या दुकानी शस्त्र ठेवून ‘आठ दिवसांनी येतो’ म्हणून निघून जाणे हा सरळ गुन्हा आहे. बिनपरवाना इसमाच्या हाती शस्त्र सोपवण्याची जी मुभा अधिनियमात आहे ती दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण अशा मोजक्या कारणांपुरती, आणि तीही परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने. म्हणून एक तर काडतुसे घरी कुलूपबंद ठेवून, रिकामे शस्त्र घेऊन कारागिरासमोर स्वतः बसावे आणि उठताना ते बरोबर घेऊन उठावे. किंवा, जे अधिक बरे, सुताराकडून शस्त्राच्या बाह्याकाराचा सागवानी फर्मा करवून तो कारागिराजवळ ठेवावा. फर्म्यावर भिजलेले कातडे ताणून, हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडाच्या पट्टीने त्याच्या खाचा-उंचवटे उठवून, सावलीत हळूहळू वाळू देतात. सावलीत हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण वऱ्हाडच्या वैशाखात ओले कातडे उन्हात टाकले तर ते तासाभरात वाळते खरे, पण कडक होऊन आकसते, आणि वाकवताच त्याला भेगा पडतात.

तयार म्यान हाती आले की पहिली नजर चापाच्या कड्यावर टाकावी. चाप आणि त्याभोवतालचे कडे दोन्ही बाजूंनी पूर्णपणे कातड्याआड असले पाहिजे, इतके की बाहेरून बोट, खिळा किंवा सदऱ्याची गुंडी कशानेही चापाला स्पर्श होऊ नये. ज्या म्यानात चाप उघडा दिसतो त्याची बाकीची परीक्षा करण्याचे कारण नाही, मग त्यावर कितीही नक्षी असो. दुसरी नजर तोंडावर टाकावी. शस्त्र काढल्यावर म्यानाचे तोंड उघडे राहिले पाहिजे. ते मिटत असेल तर शस्त्र परत ठेवताना दुसऱ्या हाताने तोंड फाकवावे लागते आणि नळी स्वतःच्याच तळहातावरून फिरते. याहून वाईट म्हणजे, मऊ पडलेल्या तोंडाची आत वळलेली कड चापाच्या कड्यात शिरते, शस्त्र खाली दाबले जाते, आणि जे काम बोटाने करावयाचे ते कातडे करते. असे अपघात जगात खरोखर घडलेले आहेत. म्हणून चांगला कारागीर तोंडाशी कातड्याची दुहेरी पट्टी शिवतो, आणि कधी तिच्यात पातळ पत्राही घालतो. तिसरी नजर मुठीवर टाकावी: शस्त्र म्यानात असतानाच हाताची तिन्ही बोटे मुठीभोवती पुरती बसली पाहिजेत; काढल्यावर हात सावरून घ्यावा लागत असेल तर म्यान फार खोल कापले आहे असे समजावे.

त्यानंतर पकड. शस्त्र रिकामे आहे याची स्वतः एकदा आणि दुसऱ्याकडून एकदा खातरजमा करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, जमिनीवर जाड गोधडी अंथरावी आणि म्यान शस्त्रासह उलटे धरून हलवावे. शस्त्र पडले तर म्यान बाद. न पडले तर उजव्या हाताने सरळ वर ओढून पाहावे. प्रारंभी जरासा प्रतिकार आणि नंतर मोकळी वाट, अशी भावना आली पाहिजे. नवे म्यान घट्ट असते, आणि येथे गिऱ्हाईक व कारागीर यांच्यात जो संवाद होतो तो आपल्याकडे ठरलेला आहे. “काहून एवढं घट्ट केलं, भाऊ?” असे एक विचारतो, आणि “वापरल्यावर सुटते थे, आतापासूनच ढिलं नोका मांगू,” असे दुसरा उत्तर देतो. कारागिराचे म्हणणे रास्त आहे. पहिल्या दिवशी सुखाने सरकणारे म्यान वर्षाने सैल होणार. पहिल्या दिवशी जरा कुरकुरणारे वर्षाने नीट बसणार. पण घट्टपणा कोठून येतो हेही पाहावे. तो चापाच्या कड्याच्या खाचेत आणि नळीच्या मुळाशी यावा. नळीवरच्या नेमाच्या माशीच्या टोकाला कातडे खरवडले जाऊन येत असेल, किंवा बिजागरीच्या शस्त्रात उघडण्याची कळ दाबली जाऊन येत असेल, तर ती पकड नव्हे, तो दोष. शस्त्राच्या घोड्यावरून जाणारा, बटणाने अडकणारा पट्टा असला तर उत्तमच. मोटारसायकलवरून हिंडणाऱ्या माणसाने तो आवर्जून मागावा.

परदेशी मार्गदर्शकांत यापुढे उभे राहून, चालून आणि मोटारीच्या आसनावर बसून म्यान तपासावे असे लिहिलेले असते. आमच्याकडच्या जिण्याला एवढ्याने भागत नाही. अडत दुकानाच्या गादीवर मांडी घालून दोन तास बसणे, देवळात वाकणे, पंगतीत जेवणे, आणि शौचास उकिडवे बसणे या चार अवस्थांत म्यान काय करते ते पाहिल्याशिवाय ते पसंत करू नये. पोटाच्या पुढच्या बाजूला, कमरेच्या आत खोचण्याचे जे म्यान तिकडे सध्या लोकप्रिय आहे, ते मांडी घालणाऱ्याच्या जांघेत रुतते आणि नळीचे तोंड नको त्या दिशेला राहते. वऱ्हाडी गृहस्थाला उजव्या कुशीच्या किंचित मागे, पुढे झुकते बसणारे म्यानच सोसते असे माझे मत आहे. उकिडवे बसताना पट्टा सैल होतो आणि पट्ट्यावरचे ओझे उलटते. या एका प्रसंगात शस्त्र गमावल्याची नामुष्की कोणी चारचौघांत सांगत नाही, पण पकडीची आणि पट्ट्याच्या घरांची खरी परीक्षा तीच. धोतर नेसणाऱ्या जुन्या मंडळींना कमरपट्टाच नसे, म्हणून बंडीवरून आणि सदऱ्याखालून काखेत येणारे, खांद्यावरच्या पट्ट्याचे म्यानच त्यांना सोयीचे. ते आजही वाईट नाही, मात्र त्यात नळी मागे उभ्या असलेल्या माणसाकडे रोखलेली राहू शकते, म्हणून नळी खाली राहील असाच नमुना घ्यावा.

पट्ट्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, म्यानाच्या घरातून पट्टा जोर लावूनच ओवला गेला पाहिजे; घर दोन इंचांचे आणि पट्टा सव्वा इंचाचा असेल तर उत्तम म्यानही डुलत राहते. पँट सावरणारा नेहमीचा मऊ पट्टा या कामाचा नव्हे. टाक्यांचेही तसेच. इंचाला सहा ते आठ टाके असावेत. याहून दाट टाके दिसायला नाजूक दिसतात, पण कातड्याला ओळीने भोके पाडून ते फाटण्याची वाट करून ठेवतात. दाभणाने दोन सुया आणि मेण लावलेला एकच दोरा घेऊन दोन्हीकडून घातलेला हातचा टाका एके ठिकाणी तुटला तरी पुढे उसवत नाही, यंत्राचा उसवतो. कडा घासून, मेण चोळून गुळगुळीत केलेल्या असाव्यात, कारण पावसाळ्यात पाणी प्रथम उघड्या कडेतूनच शिरते.

अलीकडे कायडेक्स नावाच्या प्लास्टिकच्या पत्र्याची म्यानेही येऊ लागली आहेत. पत्रा तापवून फर्म्यावर दाबतात. तो घाम पीत नाही, तोंड मिटू देत नाही, आणि शस्त्र बसताच ‘टक्’ असा आवाज करून ग्वाही देतो. गुण मोठे आहेत, आणि मऊ रेक्झिनपेक्षा हे शतपटींनी बरे. दोष दोन: आतली धूळ शस्त्राचा रंग खरवडते, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत, काचेखालच्या फळीवर, अकोल्याच्या मे महिन्यात हलक्या प्रतीचा पत्रा वाकडा होण्याची धास्ती असते. मोटारीत शस्त्र ठेवून जाणेच मुळात गैर, हा भाग निराळा.

राहता राहिली निगा. शस्त्र रात्री म्यानात ठेवू नये. कातड्यातील ओल आणि घामातील मीठ मिळून एका पावसाळ्यात लोखंडावर तांबेरा चढवतात. ही गोष्ट निवडणुकांच्या दिवसांत विशेष ध्यानात ठेवावी. आचारसंहिता लागली आणि हुकूम निघाला की परवानाधारक शस्त्र ठाण्यात जमा करतो, आणि पुष्कळ जण ते म्यानासकट देतात. मग महिना-दोन महिने ते मुद्देमालाच्या कपाटात त्याच कातड्यात पडून राहते आणि परत मिळते तेव्हा नळीवर कातड्याचा ठसा गंजाने उमटलेला असतो. शस्त्र स्वच्छ करून, तेलाचा हलका हात फिरवून, कोरड्या कापडात गुंडाळून द्यावे, पावतीवर क्रमांक ताडून पाहावा, आणि म्यान घरी ठेवावे. म्यानाला मात्र तेल पाजू नये. तेलाने कातडे मऊ पडते, आणि मऊ कातडे हेच या वस्तूचे मरण. मेणाचा पातळ थर वर्षातून एकदा पुरतो, आणि बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा द्यावा.

एवढे करूनही कातडे कधीतरी थकतेच. ज्या दिवशी शस्त्र काढल्यावर तोंड मिटू लागेल, किंवा गोधडीवरच्या परीक्षेत शस्त्र घसरेल, त्या दिवशी म्यान बदलावे. भावाला, गड्याला किंवा नव्या परवानाधारकाला ते भेट देऊ नये. टाके उसवून रापीने त्याचे तुकडे करावेत. विहिरीवरच्या पंपाला दोन-चार वायसर तरी निघतील.